सतार सुटली, मींड राहिली: जॉर्ज हॅरिसनचा 'ऑल थिंग्ज मस्ट पास' पुन्हा ऐकताना

१९७० च्या नोव्हेंबरअखेर 'ऑल थिंग्ज मस्ट पास' दुकानांत आला, तेव्हा बीटल्स हा चौघांचा इंग्लिश बँड फुटून सात-आठ महिने झाले होते. तीन लाँग प्ले तबकड्यांचा जाड खोका. वर काळा-पांढरा फोटो: हिरवळीवर गमबूट घालून बसलेला दाढीवाला माणूस आणि त्याच्याभोवती बागेत ठेवतात तसले चार बुटके पुतळे. हा जॉर्ज हॅरिसन, वय २७, चौघांतला सर्वांत धाकटा. जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी या जोडीच्या सावलीत इतकी वर्षं काढलेल्या या माणसाचा अल्बम अमेरिकेत सलग सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. त्यातलं 'माय स्वीट लॉर्ड' हे माजी बीटलचं पहिलं अव्वल क्रमांकाचं गाणं ठरलं.

या अल्बमबद्दल एक स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं: बँडमध्ये हॅरिसनच्या गाण्यांना जागा मिळत नव्हती, ती साठत गेली, बँड फुटला आणि सगळी एकदम बाहेर आली. हे खरंच आहे. बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर' या अल्बममध्ये त्याची तीन गाणी होती, 'अ‍ॅबी रोड'मध्ये दोन. दोन तबकड्यांच्या 'व्हाइट अल्बम'मध्येसुद्धा फक्त चार. 'इझन्ट इट अ पिटी' आणि 'आर्ट ऑफ डाइंग' ही गाणी १९६६ पासून त्याच्याकडे पडून होती. शीर्षकगीताची तालीम जानेवारी १९६९ मध्ये बीटल्सनी पुन्हा पुन्हा केली आणि मग ते सोडून दिलं. त्याच महिन्यात, १० तारखेला, हॅरिसन तालीम अर्ध्यावर टाकून घरी निघून गेला आणि त्याच दिवशी त्याने 'वा-वा' लिहिलं. या सगळ्यातून तीन तबकड्या का भरल्या ते कळतं. त्या अशा का वाजतात, ते मात्र कळत नाही. मला या अल्बमकडे पुन्हा पुन्हा नेणारा प्रश्न तो आहे. आणि त्याच्या उत्तराचा एक मोठा तुकडा मुंबईत सापडतो.

ताजमधला विद्यार्थी

हॅरिसनने १९६५ मध्ये 'नॉर्वेजियन वुड' या बीटल्सच्या गाण्यात सतार वाजवली ती जवळजवळ आपली आपण शिकून. पुढच्या वर्षी त्याची पंडित रविशंकर यांच्याशी लंडनमध्ये भेट झाली आणि सप्टेंबर १९६६ मध्ये तो रीतसर शिकायला मुंबईला आला. मुक्काम ताजमहाल हॉटेलात. ओळख लपवायला मिशी वाढवली होती, तरी बातमी फुटलीच. हॉटेलबाहेर गर्दी जमू लागल्यावर गुरू-शिष्यांनी काश्मीर गाठलं. मुंबईत रियाजाला सोबत होती रविशंकरांचे शिष्य शंभू दास यांची. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन पुन्हा मुंबईत आला, एचएमव्हीच्या स्टुडिओत 'वंडरवॉल' या चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित करायला.

आणि त्याच वर्षी त्याने सतार सोडली. म्हणजे गंभीरपणे शिकणं सोडलं. रविशंकरांनीच त्याला त्याच्या मुळांबद्दल विचारलं होतं: तुझं स्वतःचं वाद्य कोणतं? शिवाय, चांगला सतारिया व्हायचं असेल तर आपण पंधराएक वर्षं आधी सुरुवात करायला हवी होती, हे त्याला स्वतःलाही उमगलं होतं. तो गिटारकडे परतला. बहुतेक चरित्रांत हा परतीचा क्षण म्हणजे भारतीय संगीताच्या प्रकरणाचा शेवट मानला जातो. माझं ऐकणं वेगळं सांगतं. वाद्य सुटलं, पण त्या वाद्यावर दोन-अडीच वर्षं जे बोटांत आणि कानांत मुरलं ते सुटलं नाही. ते गिटारवर उतरलं, आणि पूर्णपणे उतरलं ते या अल्बममध्ये.

ते काय, हे समजायला मींड आठवावी लागेल. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर उडी न मारता, मधली सगळी जागा ओलांडत घसरत जाणं म्हणजे मींड. सतारीवर ती पडद्यावरची तार आडवी ओढून काढतात. पडदे कमानदार आणि उंच असल्यामुळे तार बरीच ओढता येते, त्यामुळे एकाच पडद्यावर चार-पाच स्वरांचा प्रवास शक्य होतो. गिटारचे पडदे बुटके आणि बोटपट्टीला चिकटलेले. तिथेही तार ओढतात, पण पल्ला एखाद-दुसऱ्या स्वराचा. सतारीची मींड ज्याच्या कानात बसली आहे त्याला गिटारचे पडदे आडवे येतात.

या अडचणीवर गिटारवाल्यांचा जुना उपाय म्हणजे स्लाइड. काचेची किंवा धातूची छोटी नळी बोटात घालायची आणि ती तारेवरून फिरवायची. तार पडद्यावर दाबली जातच नाही, त्यामुळे स्वर हवा तिथून हवा तिथपर्यंत अखंड सरकतो. आपल्याकडे विचित्रवीणा याच तत्त्वावर चालते आणि हवाईयन गिटारही. सोय मोठी, पण धोकाही तेवढाच: नेमका स्वर कुठे आहे हे सांगायला पडदा उरत नाही. केसभर इकडेतिकडे झालं की बेसूर. सगळी भिस्त कानावर.

डिसेंबर १९६९ मध्ये हॅरिसन डेलनी अँड बॉनी या अमेरिकन जोडीच्या वाद्यवृंदाबरोबर दौऱ्यावर गेला, नावाची फार वाच्यता न करता, मागच्या रांगेतला एक गिटारवादक म्हणून. तिथे डेलनीने त्याला एका गाण्यात स्लाइड वाजवायला सांगितलं आणि हा नाद लागला. याच दौऱ्यात, कोपनहेगनमध्ये, 'माय स्वीट लॉर्ड'ची सुरुवात झाली.

आता ते गाणं लावा. सुरुवातीला नुसत्या अकूस्टिक गिटारींचा ठेका आहे. मग स्लाइड येते, आणि एक नाही, दोन. दोन्ही हॅरिसनच्याच, वेगवेगळ्या ध्वनिमुद्रित केलेल्या, एकमेकींपासून काही स्वरांच्या अंतरावर राहून बरोबरीने चालणाऱ्या. ब्लूजमधली, म्हणजे आफ्रिकी-अमेरिकन लोकसंगीतातली, स्लाइड ऐकली असेल तर फरक लगेच जाणवेल. तिथे आवाज खरखरीत असतो, कंप मोठा असतो, सूर मुद्दाम काठावर ठेवलेला असतो. इथे तसं काही नाही. ओळ आधी ठरवलेली आहे, गाऊन बघितल्यासारखी. प्रत्येक सरकण्याचा आरंभ आणि शेवट स्वच्छ आहे. वेग दाखवण्याचा मोह कुठेच नाही. स्वरावर पोचल्यावर तो तिथे थांबतो आणि स्वर स्थिर ठेवतो. ही शिस्त त्याला रॉक अँड रोलने दिलेली नव्हती.

एक सावधगिरी. या अल्बमवर सरकते सूर काढणारी गिटार प्रत्येक वेळी हॅरिसनची नाही. पहिल्याच 'आय'ड हॅव यू एनीटाइम'मधली हळवी मुख्य गिटार इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनची आहे, आणि ती स्लाइड नाही, बोटांनी ओढलेली तार आहे. 'बिहाइंड दॅट लॉक्ड डोअर'मध्ये सरकते सूर आहेत ते पेडल स्टीलचे, वाजवणारा नॅशव्हिलचा पीट ड्रेक. पेडल स्टील आडवी ठेवून वाजवतात आणि पायाखालच्या पट्ट्यांनी तारांचे सूर बदलतात. तिघांचा बाज एकदा वेगळा ऐकू आला की हॅरिसनचा हात लगेच ओळखू येतो.

आवाजाची भिंत

अल्बम पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मात्र स्लाइडच्या आधी दुसरंच काहीतरी आदळतं: दणदणाट. याचं श्रेय, किंवा दोष, सहनिर्माता फिल स्पेक्टरचा. त्याच्या पद्धतीला 'वॉल ऑफ साउंड', आवाजाची भिंत, म्हणतात.

ढोल-ताशा पथकात चाळीस ढोल एकच ठोका वाजवतात तेव्हा लांबून चाळीस ढोल ऐकू येत नाहीत, एकच अजस्र ढोल ऐकू येतो. कारण चाळीस ठोके कधीच तंतोतंत एका क्षणी पडत नाहीत, निमिषभर मागेपुढे होतात आणि आवाज जाड होतो. स्पेक्टरने हेच स्टुडिओत आणलं. एक अकूस्टिक गिटार पुरे असते तिथे चार-पाच बसवायच्या, सगळ्यांनी तेच वाजवायचं. पियानोवर पियानो, दोन ड्रमवादक, सगळे एका खोलीत एका वेळी. मग तो सगळा गोळा प्रतिध्वनीच्या खोलीत सोडायचा. ही खरीखुरी खोली असते: कठीण, गुळगुळीत भिंतींची, रिकामी. एका टोकाला स्पीकर, दुसरीकडे मायक्रोफोन. स्पीकरमधून गेलेला आवाज भिंतींवर आपटत फिरतो, मायक्रोफोन तो टिपतो आणि मूळ आवाजात मिसळला जातो. कडा विरघळतात, वाद्यं एकमेकांत शिरतात.

या भिंतीला माणसं हवीत, आणि ती होती. रिंगो स्टार, क्लॅप्टन, बिली प्रेस्टन, क्लाउस फोरमन, जिम गॉर्डन, बॉबी व्हिटलॉक, गॅरी राइट. बॅडफिंगर हा अ‍ॅपल या बीटल्सच्याच रेकॉर्ड कंपनीचा तरुण बँड तर बऱ्याच गाण्यांत निव्वळ अकूस्टिक गिटारींचा ठेका धरायला बसवलेला. पार्श्वस्वरांचं श्रेय वेष्टनावर 'जॉर्ज ओ'हारा-स्मिथ सिंगर्स' यांना दिलं आहे. ते बहुतांशी एकटा हॅरिसन, स्वतःच्याच आवाजावर आवाज चढवत गेलेला. कामाचे महिने सोपे नव्हते. जुलैमध्ये त्याची आई कर्करोगाने गेली. स्पेक्टर दारूच्या आहारी होता, मधेच पडून त्याचा हात मोडला, आणि बराच काळ सगळा भार हॅरिसनने एकट्याने ओढला. ऑगस्टमध्ये स्पेक्टरने लांबलचक पत्र पाठवून गाण्यागणिक सूचना केल्या.

'वा-वा' ध्वनिमुद्रित झालं आणि हॅरिसनने ते परत ऐकलं तेव्हा त्याला तो आवाज अजिबात आवडला नव्हता. हळूहळू तो सरावला. पण २००१ मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या वर्षात, अल्बम नव्याने काढताना त्याने पुस्तिकेत लिहिलं की काही गाणी त्या मोठ्या आवाजातून सोडवावीत असं अजूनही वाटतं. तेव्हा योग्य वाटलेलं आता जरा अतीच वाटतं, असा त्याचा सूर होता. त्या आवृत्तीच्या रंगीत वेष्टनांत त्याने आपल्या त्या हिरवळीमागे उड्डाणपूल आणि कारखाने उभे केले होते.

माझं मत विचाराल तर तो निम्मा बरोबर होता. 'वा-वा'ला भिंत हवीच, कारण ते गाणं डोकं भणभणल्याचं आहे. 'माय स्वीट लॉर्ड'मध्येही ती फार शहाणपणाने बांधली आहे, आधी जवळजवळ काहीच नाही आणि मग थर चढत जातात, सामूहिक भजनात एकेक जण सूर मिसळत जावा तसे. पण 'अवेटिंग ऑन यू ऑल'मध्ये नामजपाबद्दलचे नेमके शब्द गदारोळात बुडतात, आणि 'हिअर मी लॉर्ड'सारख्या एकट्याच्या प्रार्थनेभोवती एवढी गर्दी मला खुपते.

प ग रे, आणि एक खटला

'माय स्वीट लॉर्ड'चा विषय निघाला की खटला निघतोच, आणि तो बहुतेकदा चुकीचा सांगितला जातो. 'चोरी केली' किंवा 'उगाच अडकवला', एवढ्यावर भागवतात. सरगम येणाऱ्याला तो खरं तर जास्त चांगला कळू शकतो.

फेब्रुवारी १९७१ मध्ये ब्राइट ट्यून्स या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीने दावा लावला. म्हणणं असं की हे गाणं म्हणजे 'ही'ज सो फाइन', द शिफॉन्स या मुलींच्या गटाने गायलेलं १९६३ चं अमेरिकेतलं अव्वल गाणं. ते रचणारा रॉनी मॅक त्याच वर्षी, अगदी तरुणपणी वारला होता. १९७६ मध्ये न्यूयॉर्कला सुनावणी झाली. न्यायाधीश रिचर्ड ओवेन स्वतः ऑपेरा रचणारे, त्यामुळे निकालपत्रात त्यांनी दोन्ही चाली स्वरांनिशी मांडल्या. आपल्या भाषेत लिहायचं तर पहिला तुकडा प-ग-रे. दुसरा प-ध-सा-ध-सा. 'ही'ज सो फाइन'मध्ये पहिला तुकडा चार वेळा येतो आणि मग दुसरा चार वेळा. 'माय स्वीट लॉर्ड'मध्ये पहिला चार वेळा, दुसरा तीन वेळा, आणि चौथ्याच्या जागी साधारण तेवढ्याच लांबीचा जोड. शिवाय दुसऱ्या तुकड्यात एका ठिकाणी जो कणस्वर, म्हणजे ओझरता स्पर्श होणारा स्वर, लागतो (प-ध-सा-ध-रे-सा), तोही दोन्हींत आहे.

सा, रे, ग, प, ध. भूप शिकलेल्या कुणालाही हे पाच स्वर झोपेतही आठवतील. गाणं भूपात आहे असं मी म्हणत नाही. त्यामागे एकदम वाजणारे स्वरसमूह (कॉर्ड) वेगळे आहेत आणि पुढे तर आख्खा षड्जच एक स्वर वर सरकतो, जे आपल्या मैफलीत कुणी करणार नाही. पण या पाच स्वरांच्या ओळी जगभरच्या लोकसंगीतात आहेत, त्यामुळे 'प-ग-रे कुणाच्या मालकीचं असू शकतं का?' हा प्रश्न आपल्याला लगेच सुचतो. निकालातही हेच मान्य केलं होतं: सुटा तुकडा विशेष नाही. विशेष आहे ती मांडणी. हे दोन तुकडे, याच क्रमाने, जवळजवळ एवढ्याच वेळा, त्याच जागच्या कणासकट. राग कुणाचाच नसतो, बंदिश मात्र कुणीतरी बांधलेली असते. खटला बंदिशीचा होता.

हॅरिसन साक्षीला गिटार घेऊन बसला आणि चाल कशी सुचत गेली ते त्याने वाजवून दाखवलं. त्याच्या डोक्यात 'ओ हॅपी डे' हे एडविन हॉकिन्स सिंगर्सचं भक्तिगीत होतं. त्याचा प्रामाणिकपणा न्यायाधीशांना पटला. त्यांनी म्हटलं की त्याने मुद्दाम उचललं असं वाटत नाही. सुरावटी चाचपडताना एक जोडणी त्याला आवडली, कारण ती त्याच्या मनाच्या तळाशी आधीच होती. पण कायद्यात हेतूला महत्त्व नव्हतं. मूळ गाणं ऐकलेलं होतं का, आणि दोन्हींत ठळक साम्य आहे का, हे दोनच प्रश्न, आणि दोन्हींचं उत्तर हो. नकळत केलेली नक्कलही नक्कलच ठरली.

पैशांचा हिशोबही सांगण्यासारखा आहे. गाण्याची विचारात घेतलेली कमाई २१,३३,३१६ डॉलर धरली गेली. त्यातली तीन चतुर्थांश चालीमुळे आणि उरलेली शब्द, हॅरिसनचं नाव वगैरेंमुळे असं मानून १५,९९,९८७ डॉलरची भरपाई काढण्यात आली. ती त्याला पूर्ण भरावी लागली नाही, कारण मधल्या काळात एक विलक्षण गोष्ट घडली. अ‍ॅलन क्लाइन हा आधी हॅरिसनचाच व्यवस्थापक होता, याच खटल्यात त्याच्या बाजूने तडजोडीची बोलणी करणारा. नातं तुटल्यावर त्याने १९७८ मध्ये आपल्या 'अ‍ॅबको' कंपनीमार्फत ब्राइट ट्यून्सचा दावाच ५,८७,००० डॉलरना विकत घेतला, म्हणजे आपल्याच जुन्या अशिलाविरुद्ध उभा राहिला. १९८१ मध्ये न्यायालयाने हे विश्वासघातकी ठरवलं. क्लाइनने जेवढे मोजले तेवढेच, व्याजासह, हॅरिसनने द्यायचे आणि क्लाइनला यातून नफा होऊ द्यायचा नाही, असा निकाल लागला. पुढचे तंटे १९९० च्या दशकापर्यंत रेंगाळले.

मे १९७० मध्ये, अल्बमच्या अगदी सुरुवातीला, हॅरिसनने स्पेक्टरला बरीच गाणी एकट्याने गिटारवर ऐकवली होती. त्या टेपवर 'बिवेअर ऑफ डार्कनेस' गाताना, अंधारापासून जपा, मायेपासून जपा म्हणता म्हणता, तो मध्येच थट्टेने म्हणतो: अ‍ॅबकोपासून जपा.

या खटल्याने गाण्यातली सर्वांत धाडसी गोष्ट झाकून टाकली, याचं मला वाईट वाटतं. ऐकणारा पाश्चात्त्य, म्हणून कोरस आधी 'हालेलुया' म्हणतो. लोक ठेका धरून त्यात रमले की तोच कोरस त्याच सुरांत 'हरे कृष्ण'वर जातो. ही योजना जाणूनबुजून केलेली होती, आणि हॅरिसनने पुढे आपल्या आत्मचरित्रात ती सांगितलीही. आणि मग 'गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः', आपल्याकडे शाळेच्या प्रार्थनेत म्हणतात तो श्लोक. १९७१ च्या जानेवारीत ब्रिटनमधल्या अव्वल गाण्यात तो होता.

आज कुठून सुरुवात करावी

२०२१ मध्ये अल्बमची पन्नाशीची आवृत्ती निघाली. हॅरिसनचा मुलगा धनी याच्या देखरेखीखाली पॉल हिक्सने मूळ टेपवरून सगळं पुन्हा मिसळलं. भिंत पाडलेली नाही, आणि पाडता आलीही नसती, कारण एकाच खोलीत एकत्र वाजलेली वाद्यं सहज सुटी होत नाहीत. पण हॅरिसनचा गाता आवाज पुढे आला आहे, तळाचे सूर मोकळे झाले आहेत, शब्द कळतात. नवख्याने हीच आवृत्ती घ्यावी. १९७० चं मूळ मिश्रण त्यानंतर ऐकावं, कारण त्यातली धूसरताही त्या काळाची आहे.

या आवृत्तीत २६ आणि २७ मे १९७० चे, स्पेक्टरला ऐकवलेल्या गाण्यांचे, ते नमुने (डेमो) पण आहेत. २७ तारखेचे एकट्याचे. त्यातलं 'बिवेअर ऑफ डार्कनेस' आधी ऐका, मग पूर्ण झालेलं. भिंतीने काय दिलं आणि काय घेतलं, हे कुठल्याही स्पष्टीकरणापेक्षा तिथे स्वच्छ कळतं. 'इझन्ट इट अ पिटी'ची दोन रूपं मूळ अल्बममध्येच आहेत. सात मिनिटांच्या पहिल्यात स्लाइड वाद्यवृंदाच्या वर तरंगते. तिसरी तबकडी, 'अ‍ॅपल जॅम', ही वादकांची मोकळी जुगलबंदी. क्लॅप्टनचा 'डेरेक अँड द डॉमिनोज' हा बँड याच मंडळींतून घडला, ही तिची ऐतिहासिक कमाई. एकदा ऐकून सोडली तरी चालेल.

आणि शेवटी बॅडफिंगरचं १९७१ चं 'डे आफ्टर डे' लावा. त्याची निर्मिती बरीचशी हॅरिसनची. त्यात दोन स्लाइड गिटारी एकमेकींच्या सुरांत सूर मिसळून चालतात. एक हॅरिसनची. दुसरी पीट हॅमची, जो वर्षभरापूर्वी 'माय स्वीट लॉर्ड'च्या वेळी मागे बसून अकूस्टिक गिटारचा ठेका धरत होता.